विटेचा शेक

वास आधी आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, आला. त्या स्वयंपाकघरात मेथी निवडत बसल्या होत्या, तिथूनच म्हणाल्या, "काय करपतंय गं?" माय म्हणाली, "रुईचं पान असंल, इनबाई. वाळलं की येतो वास त्याला." मी खाटेवर उताणी पडले होते. पोटावर रुईची पानं, त्यावर जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेली वीट. छताच्या पंख्याच्या पात्यावर धूळ साचली होती, तिच्याकडे बघत होते. वास मलाही येत होता. मला वाटलं, पानच असेल. वीट मला उबदारसुद्धा वाटत नव्हती, नुसतं वजन वाटत होतं, कुणीतरी हात ठेवून विसरून गेल्यासारखं. मग आत्याबाई पदराला हात पुसत आल्या, त्यांनी वीट उचलली, पानं बाजूला केली आणि "अगं बाई" म्हणून तशाच उभ्या राहिल्या. मी मान उचलून पाहिलं. टाक्यांच्या रेषेच्या जरा वर, तळहाताएवढ्या जागेत कातडी पांढुरकी होऊन वर आली होती, तापलेल्या दुधावर साय धरते तशी, आणि कडेनं लालभडक. ते माझंच पोट होतं हे मला कळत होतं. पण शेजारणीची भाजलेली भाकरी बघावी तशी मी ते बघत होते. "तुला कळलं नाही?" आत्याबाई म्हणाल्या. "एवढं होईस्तोवर तुला कळलं नाही, सत्यशीला?" मी म्हणाले, "नाही." आणि माय, जी आतापर्यंत खाटेच्या पायाशी उभी होती, ती म्हणाली, "आवं, म्या आधी माझ्या पोटाला लावून बघितली की. दरवेळी बघते. जितं शेक द्यायचा तितंच आधी आपल्या अंगाला लावून बघावा, आमच्यात तसंच हाय." आणि खरं वाटावं म्हणून तिनं पदर सारून पोट दाखवलं. आत्याबाईंचं लक्ष माझ्या फोडाकडे होतं, म्हणून त्यांना दिसलं नाही. मला दिसलं. मायच्या पोटावरच्या जुन्या उभ्या व्रणाच्या कडेला विटेच्या कोपऱ्याचा लाल ठसा उमटला होता. तिला तो माहीत नव्हता. ती पदर नीट करून पुन्हा म्हणाली, "कोमट तर होती."

मला तेव्हाच बोलायला हवं होतं. दोन वाक्यं पुरली असती. वर्गात मी हे कितीदा सांगितलंय. बारावीच्या पोरांना चेतासंस्था शिकवताना फळ्यावर हात काढायचा, हाताखाली निखारा काढायचा, हातापासून मणक्यापर्यंत बाण, मणक्यापासून परत बाण. पोरं पुस्तकात बघून म्हणायची, मॅडम, प्रतिक्षिप्त क्रिया. एकानं एकदा विचारलं होतं, मॅडम, मधलीच तार तुटली तर? मी म्हणाले होते, मग हात जळेल आणि माणूस बघत बसेल. सगळे हसले होते. मीही हसले असेन. तासिकेवरची नोकरी, त्यामुळे पोट दिसायला लागल्यावर पुढच्या तासिका दुसऱ्या बाईंना गेल्या. आता तो फळा कुणाचा आहे कोण जाणे. माझे यजमान, धर्मराज, पालीच्या सबस्टेशनवर ड्युटीला गेले होते, त्यांना आत्याबाईंनी फोन लावला आणि आम्ही रिक्षानं दवाखान्यात गेलो. मांडीवर उशी, उशीवर लेक. रिक्षा खड्ड्यातून गेली की आत्याबाई "हळू रे बाबा" म्हणत आणि माझ्याकडे बघत, मी कळवळते का ते बघायला. मी कळवळत नव्हते. त्याचा त्यांना राग येत असावा, आणि भीतीही वाटत असावी.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत, माझ्याहून दोन-चार वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनीच मला कापलं होतं. तेव्हा मी जागी होते. कमरेत सुई दिली आणि थोड्या वेळानं छातीखालचं सगळं निघून गेलं, म्हणजे होतं, पण माझ्याकडे नव्हतं. हिरव्या पडद्यापलीकडे कुणीतरी पिशवीतून काहीतरी शोधत असल्यासारखी ओढाताण जाणवत होती, दुखत नव्हतं. डॉक्टरीणबाई शेजारच्या डॉक्टरला सांगत होत्या की त्यांच्या नव्या घराच्या फरशीवाल्यानं रंग चुकवला. मग रडणं ऐकू आलं. मग एक नर्स पडद्याच्या बाजूनं आली, एक ओलं, चिडलेलं तोंड माझ्या गालाजवळ आणून म्हणाली, "बघा, मुलगी." मी बघितलं. मी म्हणाले, "हो." ती अजून थोडा वेळ थांबली, मी पुढे काही म्हणेन म्हणून. मग घेऊन गेली. पायांना मुंग्या येऊन पाय संध्याकाळी परत आले. बाकीचं परत यायचं राहिलं असं मला वाटतं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. लेकीला मी वेळेवर पाजते, तिची मान धरते, ढेकर काढते, तिचे कान मागून पुसते, तिथं दूध साचतं. तिच्या टाळूला वास येतो, गव्हाचं पीठ नुकतं दळून आणल्यावर डब्यातून येतो तसा कोमट. मला तो येतो. तो आल्यावर जे व्हायला पाहिजे असं सगळे म्हणतात ते होत नाही. मी तिच्याशी बोलते, कारण बोलावं असं पुस्तकात आहे. "आलं हं, आलं," म्हणते. ती माझ्याकडे बघते तेव्हा मला वाटतं हिला कळलंय.

डॉक्टरीणबाईंनी फोड बघितला, मलम लावलं, आणि मग कापसाची वात करून म्हणाल्या, "डोळे मिटा. लावलेलं कळलं की हो म्हणा." मी डोळे मिटले. हो. हो. हो. मग बराच वेळ काहीच नाही, इतका की मला वाटलं त्या फोनवर बघत असतील. मग पार कमरेजवळ, हो. डोळे उघडले तर त्यांनी निळ्या पेनानं माझ्या पोटावर एक वेडंवाकडं तळं काढलं होतं, बिंदुसराच्या धरणाचा नकाशा असतो तसं, फोडाच्या बाहेरपर्यंत पसरलेलं. "एवढी जागा बधिर आहे," त्या म्हणाल्या. "कापताना कातडीतले बारीक तंतू कापले जातात, त्याला इलाज नसतो. येतं परत. तंतू वाढतात, पण केसांसारखे, सावकाश." आत्याबाईंनी विचारलं, "सगळ्यांचं येतं?" "बहुतेकींचं. काहींची थोडी जागा तशीच राहते, त्यानं काही अडत नाही." मग मान वर करून म्हणाल्या, "शेकलं कुणी?" आत्याबाई म्हणाल्या, "आमच्या विहीणबाई. जुन्या वळणाच्या आहेत." माय दाराबाहेरच्या बाकावर लेकीला घेऊन बसली होती. दार अर्धवट उघडं होतं. मी म्हणू शकले असते, की तिनं आधी स्वतःच्या पोटावर लावून बघितलं होतं, आणि तिचंही पोट कापलेलं आहे. डॉक्टरीणबाईंनी लगेच ओळखलं असतं. माझी जीभ तोंडात होती, टाळ्याला लागलेली. मी छताकडे बघत राहिले. त्यांच्याकडे पंखा स्वच्छ होता.

जखमेबद्दल मला माहीत आहे. शरीर कापलं की आधी नळ्या आवळल्या जातात, रक्त गोठतं, मग सूज येते, लाली येते, तिथं पेशींची नुसती धावपळ असते, मेलेलं उचलायचं, जंतू गिळायचे. मग दुसऱ्या पेशी येतात आणि धागे विणायला लागतात, घाईघाईनं, आडवेतिडवे, आधी होतं तसं नाही, नुसतं भोक बुजवायचं म्हणून. नंतर कित्येक महिने तेच धागे उसवून नीट लावायचं काम चालतं. तरी ती जागा पहिल्यासारखी होत नाहीच. दुखणं हे त्या सगळ्या काळात राखणदारासारखं असतं, इकडे हात लावू नका म्हणून ओरडणारं. कापलेल्या तंतूचं टोक आंधळ्यासारखं चाचपडत पुढे सरकतं, वाट सापडली तर कातडीपर्यंत पोचतं, न सापडली तर तिथंच स्वतःभोवती गाठ मारून बसतं. कधी चुकीच्या जागी जाऊन चिकटतं, मग इथं हात लावला की तिथं झिणझिणतं. हे सगळं माझ्या आत चालू आहे, मी भाकरी खात असताना, लेक रडत असताना, आणि त्यातलं मला काही ऐकू येत नाही. आतलं मात्र दुखतं. लेक प्यायला लागली की गर्भाशय आवळतं, मुठीत धरून पिळल्यासारखं. त्याच्या तारा वेगळ्या. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा मी ओठ चावला आणि माय हसली होती. "पोट जागेवर चाललंय. चांगलं हाय. मला तुझ्या येळंला लई व्हायचं." म्हणजे तिला ते आठवत होतं. जी पिशवी आता तिच्यात नाही तिचं दुखणं.

तिची पिशवी काढली तेव्हा मी आठवीत होते आणि हंगामी वसतिगृहात राहात होते. आईबाप उसाला गेले की आम्हा पोरांना तिथं ठेवायचे. दिवाळीनंतर टोळी माजलगावकडे निघायच्या आधी ती तालुक्याच्या गावी एका दवाखान्यात जाऊन आली. गल्लीतल्या अजून दोघी गेल्या होत्या, एकाच जीपमध्ये. कावून काढली, मी विचारलं होतं. ती म्हणाली, "अंगावर जायचं. फडात लई हाल होतात बाई. डाक्टर म्हणला, काढून टाका, मोकळ्या व्हा. सगळ्याच काढतात." मग हंगामाला गेली. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं, ते पोट आत कसं जुळत होतं, कोणते धागे कुठे ताणले गेले, कोणता तंतू मोळीच्या वजनाखाली वाट चुकला, हे तेव्हा कुणी विचारलं नाही. मला ते शिकवायला लागल्यावरही सुचलं नाही. उन्हाळ्यात ती परत आली की आम्ही लिंबागणेशला पत्र्याच्या खोलीपुढे अंगणात झोपायचो. मी तिच्या पोटावरून बोट फिरवायची. व्रण जाड होता, दोरखंड कातडीखालून नेल्यासारखा. मी त्यावर दोन बोटांची माणसं चालवायची, गावाला जाणारी, मध्येच बसणारी. बेंबीच्या वर आलं की ती हसून हात झटकायची. व्रणावर असेपर्यंत नुसती आभाळाकडे बघत पडून राहायची. मला वाटायचं, हिला आवडतंय.

या हंगामाला ती गेली नाही. पहिलं बाळंतपण मायनं करायचं, पण तिचं घर दिवाळीनंतर कुलपात असतं, म्हणून तीच माझ्याकडे बीडला आली. बाबा धाकट्या चुलत्याबरोबर कोयत्याला गेले. ती आली ती डिंक, खोबरं, बाळंतशेपा आणि लुगड्यात बांधलेली ती वीट घेऊन. आत्याबाई हसल्या होत्या, "विहीणबाई, बीडात विटा मिळत नाहीत व्हय?" माय म्हणाली, "मिळत्यात की. पर ही भाजलेली चांगली हाय, उब धरून ठेवते." तिला इथलं न्हाणीघर अरुंद वाटतं, संडासात दिवा लावायचं बटण सापडत नाही, आणि धर्मराज घरात असले की ती भिंतीला खेटून चालते. पण लेकीला न्हाऊ घालायला पाय लांब करून पाटावर बसली की ती या घराची मालकीण असते. लेक तिच्या नडग्यांवर पालथी पडून गप्प होते. माझ्याकडे कधी होत नाही.

दवाखान्यातून आल्यावर दुपारी आत्याबाई बोलल्या. वाईट नाही बोलल्या. त्या वाईट बोलत नाहीत, तेच अवघड जातं. चहाची बशी खाली ठेवून म्हणाल्या, "विहीणबाई, बाळाचं पाणी कशावर बघता तुम्ही?" माय म्हणाली, "हातावर. कोपरावर." "बाळाला धुरी देताना, शेकताना?" "गालावर बघते. तळव्यावर बघते." आत्याबाईंनी मायचा हात हातात घेतला, उलटा केला, कोयत्यानं घट्टे पडलेला तळवा अंगठ्यानं दाबून बघितला, भाजी निबर आहे का बघावी तसा. "ह्यावर?" मायनं हात सोडवून घेतला नाही. म्हणाली, "आजवर एक लेकरू भाजलं न्हाई इनबाई माझ्या हातून." "आज भाजलं की," आत्याबाई म्हणाल्या. "माझा राग नाही. पण जीव केवढासा आहे तिचा. मागच्या गल्लीतली गीताबाई येते बाळंतिणींना चोळायला, तिला सांगते उद्यापासून. तुम्ही दमलात पण. आणि इथं कोंडून बसण्यापेक्षा तिकडं गेलात तर तुमचा हंगाम तरी हाती लागेल." माय म्हणाली, "बरं." लगेच म्हणाली, जसं मुकादमाला म्हणत असेल. आत्याबाई माझ्याकडे वळल्या. "तुला काय वाटतं?" मला काय वाटतं ते मी शोधत होते. खरंच शोधत होते. माय गेली तर फडात जाईल, मोळी उचलेल, त्या पोटावर. ती गेली तर या खोलीत मी आणि लेक राहू, आणि लेकीला कळेल. हे सगळं मला माहीत होतं, धड्यासारखं. पण वाटणं येतच नव्हतं, आणि त्याच्याशिवाय तोंडातून शब्द कसा बाहेर पडतो ते मी विसरले होते. मी म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं." मायनं माझ्याकडे बघितलंही नाही. तिनं बशी उचलली आणि मोरीत विसळायला नेली.

ती खोलीत आली तेव्हा लेक झोपली होती आणि ऊन खिडकीच्या गजांतून खाटेच्या पायाशी आलं होतं. ती पिशवी भरायला लागली. दोन लुगडी, फणी, तंबाखूची डबी. वीट भिंतीशी ठेवलेली होती, तिच्याकडे तिनं पाठ केली होती. "डाक्टरीण काय म्हणली?" तिनं पिशवीत बघतच विचारलं. "येतं परत म्हणल्या. बहुतेकींचं." "मग येईल की." ती म्हणाली. "दुखायला लागलं का समजायचं आलं." मी म्हणाले, "माय, तुझं आलं का?" तिनं फणी पिशवीत घातली, परत बाहेर काढली. "कशाचं?" "तुझ्या पोटाचं." "मला काय धाड भरलीय. माझं हाय बरं." मी उठून बसले. टाके ओढले गेले असणार, कळलं नाही. "इथं झोप," मी म्हणाले. "कावून?" "झोप तर." ती खाटेवर आडवी झाली, लेकीच्या बाजूला, अंग चोरून, जागा घेतल्याबद्दल लाजल्यासारखी. मी तिचा पदर सारला. लाल ठसा आता फिका झाला होता. त्यावरूनही तिचं बोट एकदा गेलं, तरी तिला काही जाणवलं नसावं. दवाखान्यातून दिलेल्या गुंडाळीतला कापूस तोडून मी वात केली. "डोळे मिट. लावलेलं कळलं की सांग." "आता गं बाई, शाळा घेते का माझी?" म्हणाली, पण मिटले.

बरगडीखाली लावलं. "कळतंय." जरा खाली. "कळतंय. गुदगुल्या करू नको." बेंबीच्या बाजूला. "हां." मग व्रणाच्या कडेला लावलं आणि ती गप्प राहिली. तिचा चेहरा वाट बघत होता, पापण्या थरथरत होत्या. मी अजून खाली लावलं. दुसऱ्या बाजूला लावलं. कापूस टाकून बोटानं दाबलं. नखानं. ती वाट बघत होती. पार मांडीच्या सांध्यापर्यंत गेले तरी ती वाट बघत होती. माझं तळं तिच्या तळ्यापुढे काहीच नव्हतं. इतकी वर्षं, इतके हंगाम, केसांच्या वेगानंसुद्धा एखादा तंतू कुठल्या कुठे पोचला असता, आणि तिथं कुणीच आलेलं नव्हतं. मी म्हणाले ते मोठ्यानं म्हणाले का मनात हे मला आता नक्की सांगता येणार नाही, पण तिनं ऐकलं. मी म्हणाले, "मग माझंही येणार नाही." आणि पुढे म्हणाले, "माय, मला लेकीचं पण काही कळत नाही."

तिचा श्वास थांबला. पोट वर आलेलं तसंच राहिलं. मग सुटलं. बाहेर रस्त्यावर कुणीतरी बोरं विकत चाललं होतं, आत्याबाईंनी त्याला खिडकीतून भाव विचारला आणि फार म्हणून हाकलला. मी परत कापूस उचलला आणि व्रणावर, अगदी मधोमध, टेकवला. "कळतंय," माय म्हणाली. मी खाली सरकवला. "कळतंय." डावीकडे. "हां, आता कळतंय. मघाशी ध्यान नव्हतं माझं." तिचे डोळे घट्ट मिटलेले होते, लहान पोर झोपल्याचं सोंग घेतं तसे. "उशिरा कळतं, पर कळतं बाई. सगळं येतं. येळ लागतो." मी हात उचलला आणि मांडीवर ठेवला. कापूस माझ्या मुठीत होता. "आता?" मी विचारलं. "कळतंय की," ती म्हणाली. "आता जरा वर सरकलीस."

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. ती खोटं बोलायला कधी शिकली नव्हती, नीट जमतही नव्हतं, ओठ हलत होते, पुढचं काय सांगावं ते जुळवत होते. माझ्या पोटात आतून काही आवळलं नाही, डोळ्यांत पाणी आलं नाही, मी वाट बघितली, तरी आलं नाही. पण तोंड उघडलं. मी हाक मारली, "आत्याबाई." "काय गं?" "माय जाणार नाही. बाळाला तीच न्हाऊ घालेल." आत्याबाई दारात आल्या, हातात मेथीची काडी. खाटेवर आडव्या पडलेल्या विहिणीकडे, तिच्या उघड्या पोटाकडे, माझ्याकडे त्यांनी आळीपाळीनं बघितलं. "आणि पाणी?" त्या म्हणाल्या. मी म्हणाले, "पाणी रोज मी बघेन. माझ्या हाताला कळतं." आत्याबाई थोडा वेळ काडी चिमटीत फिरवत राहिल्या. "वीट गच्चीवर टाकते मग," म्हणाल्या, "आणि त्यांना म्हणावं पदर घ्या, हवा गार आहे." आणि गेल्या. मायनं पदर घेतला नाही. ती तशीच पडून होती, डोळे मिटून, पुढच्या स्पर्शाची वाट बघत, एक हात लेकीच्या पायावर, आणि मी काहीच विचारलेलं नसताना हळूच म्हणाली, "कळतंय."